सगळं हिरवं पाहिजे

शहरातल्या सदर भागात, एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मी तिथे पॅच पॅकेज करायचे. कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम बनवणारी कंपनी तिच्यातल्या चुकांची दुरुस्ती दर महिन्याला पाठवते. ती तपासायची, नीट बांधायची आणि गिऱ्हाइकाच्या सगळ्या कॉम्प्युटरवर ऑफिसात बसूनच चढवायची, एवढं माझं काम. आईला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे ठिगळं लावून राहिली तू."

ठिगळं लावण्याची मला लाज नव्हती. काम आवडायचं. शिसारी यायची ती साहेबांची.

साहेब बोलता बोलता तळहातावर प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत असत. त्याच बोटांनी माझ्या स्क्रीनला हात लावून दाखवत, हे पिवळं काहून आहे म्हणून. पॅच चढला पण कॉम्प्युटर अजून बंद करून चालू केलेला नाही, असं असलं की स्क्रीनवरच्या यादीत त्याची ओळ पिवळी दिसते. चालू केला की हिरवी. महिन्याच्या बैठकीत गिऱ्हाइकाला साहेब हा पडदा दाखवत. तो पूर्ण हिरवा असला की त्यांच्या तोंडावर जे समाधान पसरायचं, ते पाहून मला जेवण जात नसे.

बुटीबोरीतली एक कापड गिरणी आमचं मोठं गिऱ्हाईक. तिथे कापड रंगवायच्या मशीनला जोडलेले कॉम्प्युटर होते. गरम रंगात कापड गोल गोल फिरत राहतं, आणि किती तापवायचं, किती फिरवायचं हे तो कॉम्प्युटर सांगतो. म्हणून त्या कॉम्प्युटरचं पॅकेज मी वेगळं बांधायचे. पॅच चढेल, पण कॉम्प्युटर आपणहून बंद होणार नाही. गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी तिथलेच लोक तो बंद-चालू करतील.

बैठक जवळ आली आणि नेमक्या त्याच ओळी पिवळ्या होत्या. मी जेवायला उठले होते. साहेबांनी माझं पॅकेज उघडलं, "लगेच रीस्टार्ट" असं करून टाकलं आणि पाठवून दिलं. मी परत आले तर पडदा हिरवागार.

"पाहा," साहेब म्हणाले, "झालं ना? तुम्ही उगाच घाबरून राहता."

थोड्याच वेळात गिरणीतून फोन आला.

आम्ही दोघं गाडीने निघालो. रंगखात्यात शिरताच शिळ्या, उकळलेल्या रंगाचा वास नाकात बसला. मशीन बंद पडल्यावर कापड एकाच जागी गरम रंगात पडून राहिलं होतं. बाहेर काढलं तेव्हा त्यावर कुठे काळे, कुठे फिके, कोडासारखे डाग. आतून घाण पाणी गळत होतं. मी चिकट कीबोर्डवर हात ठेवून मशीनचा प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला आणि पॅकेज जसं होतं तसं केलं. मशीन चालवणारा माणूस बाजूला उभा होता. चाळिशीचा, ओडिशाहून आलेला. तो एवढंच म्हणाला, "स्क्रीन अपने आप काली हो गई, मॅडम."

गिरणीच्या मॅनेजरच्या खोलीत चहा आला. साहेबांनी बिस्कीट बुडवलं, खाल्लं आणि सांगितलं, "बटन दबलं असन कोणाकडून. या लोकांचा काही भरोसा नाही."

तो माणूस दारातच उभा होता. मराठी त्याला पुरतं कळत नसलं तरी हे कळलं. त्याची मान खाली गेली.

मी म्हटलं, "बटन कोणी दाबलं नाही. आमच्या पॅकेजने मशीन बंद केलं. ते साहेबांनी बदललं होतं."

साहेब बिस्कीट चावत राहिले. मॅनेजर माझ्याकडे पाहत हळूच म्हणाले, "मॅडम, ते आम्हाले समजते. पण वर काहीतरी सांगावं लागते ना. ह्याले एक ताकीद दिली असती, विषय संपला असता."

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. त्या खोलीत खरं कोणाला माहीत नव्हतं असं नव्हतंच, फक्त ते कोणाला नको होतं. मी चहा तसाच ठेवून बाहेर आले आणि नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले.

शेवटी "तांत्रिक कारण" असं ठरलं. मला वाटलं, निदान तो माणूस वाचला.

पुढच्या महिन्यात मी गिरणीत गेले तेव्हा त्याच्या मशीनवर दुसराच कोणी होता. आधीचा माणूस मला गोदामात दिसला, पाठीवर गठ्ठे वाहताना. मी जवळ गेले तशी त्याने गठ्ठा खाली ठेवला.

"मशीन का सोडलंत?" मी हिंदीत विचारलं.

"छोड़ा नहीं, हटाया. बोले, तेरे चक्कर में मीटिंग में झगड़ा हुआ." तो चिडला नव्हता, हेच मला सोसेना. "आप चुप रहतीं तो मैं माफी माँग लेता. माफी माँगने की तो आदत है."

मी तडक मॅनेजरकडे गेले. ते म्हणाले, "आता तुम्ही सांगून राहिल्या म्हणून परत बसवला, तर बाकीचे काय म्हणतीन?" त्यांनी हसून मला पुन्हा चहा विचारला.

त्या महिन्याच्या बैठकीला मी मागे बसले होते. भिंतीवर आमचा पडदा, वरपासून खालपर्यंत हिरवा. साहेबांनी टाळ्या घेतल्या. संत्रा बर्फीचा डबा फिरला. सगळ्यांची तोंडं गोड होत होती आणि माझ्या तोंडात आंबट पाणी येत होतं. डबा माझ्यापर्यंत आला, तो मी न उघडता पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं की मी नोकरी सोडते आहे.

"काहून? कोणी काही बोललं काय?" त्यांनी खरंच न समजून विचारलं.

"नाही," मी म्हटलं, "कोणी काहीच बोललं नाही."

त्यांनी खिशातून खर्र्याची पन्नी काढली. मग म्हणाले, जाण्याआधी या महिन्याचे पॅच तेवढे बांधून द्या. मी ते बांधले. नीट तपासून बांधले.