रिकाम्या फोल्डरची नक्कल

रेडिओ केंद्रात त्यांना सगळे बॅकअपकाका म्हणत. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. मागच्या जिन्याखाली त्यांची खोली. तिथला एसी यंत्रांसाठी इतका गार ठेवलेला असे, की भर उन्हाळ्यातही काका स्वेटर घालून बसत.

सुरुवातीला सगळी कामं ते हाताने करत. कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं दुसऱ्या डिस्कवर उतरवायची, नको त्या फाइल काढून टाकायच्या, जागा किती उरली ते बघायचं. त्या निमित्ताने दिवसभर लोक डोकावत. "काका, माझी कालची मुलाखत ठेवलीत ना?" मग चहा, मग घरची गाऱ्हाणी. पुढे काकांनी एकेका कामासाठी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राने ओळीने पाळायच्या सूचना, लिहिली आणि सगळ्या स्क्रिप्ट क्रॉनच्या हवाली केल्या. क्रॉन म्हणजे यंत्रातला न कंटाळणारा गडी. एकदा वेळ सांगून ठेवली की रोज त्या वेळेला निमूटपणे काम उरकणार. पहाटे नक्कल, मग साफसफाई, शेवटी काकांना मेल : काम यशस्वी. सगळं इतकं बिनबोभाट होऊ लागलं, की जिन्याखाली यायचं कुणाला कारणच राहिलं नाही.

घरीही निराळं काही नव्हतं. वडिलांचं आजारपण काढता काढता लग्नाचं वय निघून गेलं, आणि मग वडीलही गेले. दूरच्या शहरातल्या बहिणीचा फोन "बरा आहेस ना, दादा?"ने सुरू व्हायचा आणि "बरा आहे"ला संपायचा.

क्रॉनचे मेल काका पहिल्यांदा रोज वाचत. पण तेच तेच किती वाचणार? शेवटी ते मेल परस्पर बाजूच्या फोल्डरात जातील अशी सोय त्यांनी करून टाकली.

एका दुपारी दारावर टकटक झाली. त्या आवाजाची सवय इतकी मोडली होती, की कुठलं यंत्र कुरकुरतंय म्हणून काका आधी तिकडेच बघत राहिले.

दारात केंद्रातल्या जुन्या निवेदिका बाई उभ्या होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. त्यांचा नवरा श्रुतिकांमधून कामं करायचा.

"ह्यांना झटका आला," बाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "हिंडतात-फिरतात, पण वाचा गेली. घरात एक शब्द नाही. ती दीपगृहाची श्रुतिका आहे ना तुमच्याकडे? निदान त्यातला आवाज ऐकू म्हटलं."

"बसा, लगेच देतो," काका म्हणाले. कुणीतरी काहीतरी मागायला आलं याचाच त्यांना आनंद झाला होता.

त्यांनी जुन्या श्रुतिकांचं फोल्डर उघडलं. रिकामं. मग बॅकअप उघडला. तोही रिकामा.

काय झालं ते त्यांना हळूहळू उमगत गेलं. मूळ श्रुतिका ठेवलेली जुनी डिस्क मागेच कधीतरी बंद पडली होती आणि तिच्या जागी नुसतं रिकामं फोल्डर उरलं होतं. नक्कल मुळाबरहुकूम ठेवायची, असं काकांनीच स्क्रिप्टला शिकवलेलं. तिने पाहिलं, मुळात काही नाही; म्हणून नकलेतलंही सगळं पुसलं, दोन्हीकडे सारखं केलं आणि काम यशस्वी म्हणून कळवलं. जुन्या श्रुतिका मागायला कुणी फिरकलंच नव्हतं, त्यामुळे बोभाटाही झाला नाही.

"सापडत नाहीये का?" बाईंनी विचारलं.

उद्या या, असं काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. "गेलं, बाई," ते म्हणाले. "माझ्या हातून गेलं."

बाईंनी पुढे वाकून स्क्रीनवरचं रिकामं फोल्डर पाहिलं. "शोधून बघाल?" एवढंच म्हणाल्या.

काकांनी केंद्रप्रमुखांना जाऊन सांगितलं. "तुमच्याकडून, काका?" प्रमुख म्हणाले आणि पुन्हा कागदांत डोकं घातलं. रागावले असते तर काकांना बरं वाटलं असतं.

मूळ फिती कधीच भंगारात गेल्या होत्या. तरी काका मोडक्या खुर्च्या सारत अडगळीची खोली उपसत राहिले. एका खोक्याच्या तळाशी नाव नसलेल्या दोन-तीन फिती निघाल्या. ध्वनिमुद्रकाच्या हातापाया पडून जुनं यंत्र चालू करून घेतलं. श्रुतिका नव्हतीच, पण तिची तालीम होती.

ती पेनड्राइव्हवर घेऊन काका बाईंच्या घरी गेले. नवरा खिडकीशी बसला होता. तालीम सुरू झाली आणि खोलीत एक दणदणीत आवाज घुमला : "थांब, थांब. माझं वाक्य संपू दे की आधी. परत घे." पाठोपाठ तरुण बाईंचं हसू.

नवऱ्याने मान वळवली. मग बोट वर करून हलवलं.

"वाढवू आवाज?" बाईंनी विचारलं. त्याने मान डोलावली.

"ओरडतायत बघा माझ्यावर," बाई काकांना म्हणाल्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी हाताच्या पाठीने पुसलं. "किती दिवसांनी ओरडतायत."

ती दोघं एकाच सोफ्यावर सरकून बसली. काकांनी चहा संपवला आणि आपण होऊनच उठले. "येत जा," बाई दारापर्यंत येऊन म्हणाल्या. "येईन," काका म्हणाले. एकदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलेही. पण काय काम काढून जायचं ते सुचेना, तेव्हा भाजी घेऊन परतले.

स्क्रिप्ट त्यांनी दुरुस्त केली. आता ती आधी डिस्क जागेवर आहे का ते बघते. नसेल तर कशालाही हात न लावता थांबते आणि काकांच्या मोबाइलवर ठणाणा करते. पण नुसत्या कळवण्यावर काकांचा विश्वास उरला नव्हता. म्हणून दर सोमवारी ते बॅकअपमधून हाताला येईल ते एक ध्वनिमुद्रण परत काढून ऐकायला लागले. खरं तर सुरुवातीचा थोडा भाग ऐकला तरी भागतं. काका शेवटपर्यंत ऐकतात. कधी कोंबड्यांच्या रोगांवरचं भाषण असतं, कधी बाजारभाव, कधी कुठल्याशा शाळेतल्या मुलांची गाणी. स्वेटरच्या बाह्या ओढून घेत ते खुर्ची स्पीकरजवळ सरकवतात, मधेच हुंकारही देतात.

येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कुणी आत डोकावून विचारलंच, तर म्हणतात, "तपासणी चाललीय."