भावोजींची किळस

भावोजींची आणि माझी शेवटची भेट अलिबागच्या इस्पितळात झाली. भेट म्हणायची एवढंच. मी त्यांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून होते आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा सारखा खाकरायचा आणि उशाशी ठेवलेल्या भांड्यात थुंकायचा. भावोजी हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, ते भांडं झाका हो... किळस येते." मी उठले, भांड्यावर जुनं वर्तमानपत्र घातलं, दाबून बसवलं आणि वळून पाहते तो... संपलं होतं. लोक मला विचारतात, शेवटी काही बोलले का? मी नाही म्हणून सांगते. असले शेवटचे शब्द कुणाला पटायचे?

पुढं काही दिवसांनी वाचनालयात शोकसभा झाली. मुंबईहून एक गृहस्थ मुद्दाम आले होते. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. भावोजींच्या हार घातलेल्या फोटोशेजारी उभे राहून ते म्हणाले, की कीटकांवर मधुकररावांचं निस्सीम प्रेम होतं, क्षुद्र भुंगेऱ्यातही त्यांना परमेश्वर दिसत असे. बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसून मी ते ऐकत होते. भावोजींना भुंगेऱ्यात परमेश्वर कधी दिसला नाही. त्यांना भुंगेऱ्यांची शिसारी होती. पाल, झुरळ, गोम, दुसऱ्याचा उष्टा पेला, ओलं पायपुसणं, खोटं बोलणं, या सगळ्यांची त्यांना सारखीच शिसारी होती. त्यांनी लग्न केलं नाही त्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पंक्तीत नवरानवरीनं एकमेकांना घास भरवायचा, या नुसत्या कल्पनेनं त्यांना मळमळायचं. अशा माणसाला मेल्यावर संत करून टाकलं. म्हणून हे लिहायला बसले.

मधुकर हे माझे धाकटे दीर. माझे यजमान मुंबईत गिरणीत होते. महिन्या दोन महिन्यांनी रेवसला लाँचनं उतरायचे आणि दोन दिवस राहून परत जायचे. घरी सासूबाई, मी, माझी मुलं आणि अलिबागच्या कोर्टात कारकून असलेले भावोजी. स्वराज्य मिळालं त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही कंदिलाच्या उजेडात जेवत होतो आणि एक जाडजूड काळा भुंगेरा भिरभिरत येऊन थेट भावोजींच्या आमटीत पडला. ते ताटावरून उठले, परसात जाऊन ओकले आणि उपाशी झोपले. मी तो चमच्यानं काढून केरात टाकला. सकाळी पाहते तर भावोजी केराच्या टोपलीपासून चार हात लांब उकिडवे बसून त्याच्याकडे बघताहेत. मला म्हणाले, "हा कोण होता?" मी म्हटलं, "मला काय ठाऊक? किडा." तर म्हणाले, "ज्याचं नाव माहीत नसतं ना वहिनी, त्याची किळस जास्त येते."

सगळ्याची सुरुवात ही अशी. अलिबागचा एक फोटोवाला धंदा बंद करून चालला होता, त्याच्याकडून भावोजींनी तिकाटण्यावरचा, भात्याचा जुना कॅमेरा विकत घेतला. भाता पुरता ताणला की एवढासा किडा काचेवर तळहाताएवढा दिसायचा. इतर शौकीन माणसं किडे मारून, टाचण्या टोचून पेटीत ठेवतात, हे त्यांना वाचून माहीत होतं. पण मेलेल्या किड्याला हात लावायचा, वर तो घरात ठेवून घ्यायचा, हे त्यांच्यानं होणारं नव्हतं. म्हणून फोटो. यात दया वगैरे काही नव्हती, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

जिवंत किड्यालाही ते हात लावत नसत. ते काम माझं. पेल्याखाली कोंडलेला भुंगेरा माठाच्या गारव्याला ठेवायचा, तो सुस्तावला की कागदाच्या पट्टीनं उचलून खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर सोडायचा. मला काय ते आवडत होतं? अजिबात नाही. शेणातले भुंगेरे तर असे, की मी नाकाला पदर लावून श्वास कोंडून घ्यायची. कुजक्या माशाखालून निघालेला एकदा माझ्या मनगटावर चढला, ती वळवळ अजून आठवते. पण दुपारची भांडी झाली, की उरलेल्या दिवसात मला कुणी काही विचारत नसे. भावोजी विचारत. म्हणून मी जायची.

तळा गावच्या डॉक्टरांची ओळख कोर्टात झाली. ते कसल्याशा खटल्यात साक्षीला आले होते. साक्ष लांबली म्हणून भावोजींच्या टेबलाशी बसले आणि कागदांखालून डोकावणारा फोटो त्यांनी ओढून घेतला. "हा तर शिंगाळ्या! आमच्याकडे आंब्याच्या खोडात असतो," म्हणाले. त्यांना हाच नाद होता आणि त्यांच्याकडे इंग्रजी पुस्तकं होती. या नादातले तिसरे हसनमियाँ. रेवसच्या लाँचवर तांडेल, घराणं जुन्या गलबतवाल्यांचं. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांशी त्यांचं पिढीजात वैर, त्यामुळे कुठल्या लाकडात कुठला निघतो हे त्यांना विचारावं. चौथे ते मुंबईचे गृहस्थ. त्यांचा मोठा संग्रह होता, मोठमोठ्या लोकांत ऊठबस होती, आणि हसनमियाँ आमचे फोटो भाऊच्या धक्क्यावरून त्यांच्या घरी पोचवून यायचे.

मग पोस्टानं वाद चालायचे. डॉक्टर विचारायचे, मिशीला किती पेरं? पुढच्या पायाला काटे आहेत का? आणि रंग? फोटोत तर सगळं काळं नाहीतर राखाडी. भावोजींना रंग बघायला जवळ जाववत नसे. ते मला विचारायचे आणि मी सांगेन ते फोटोच्या मागं लिहायचे. मला इंग्रजी रंग कुठले यायला? मी सांगायची, वांग्याच्या सालीसारखा, कडेला आमसुलाची झाक. किंवा, तांब्याचा हंडा चिंचेनं घासून दोन दिवस झाल्यावर दिसतो तसा. डॉक्टरांनी एकदा लिहिलं, की वहिनींच्या हंड्यावरून जात नक्की झाली. भावोजींनी ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. नाव कळलं, की ते खुर्चीत मागं टेकायचे आणि खरंच त्यांचा चेहरा निवळायचा.

किडे शोधायला भावोजी आणि मी खाडीकाठच्या खाजणात, भरतीच्या दलदलीत, जायचो. गावात अर्थातच बोललं गेलं. नवरा मुंबईला आणि ही दिराबरोबर खाजणात फिरते. आमच्या शेजारचा एक माणूस पाणवठ्यावर बायकांना ऐकू जाईल असं काही बोलला, ते मी इथं लिहू शकत नाही. तोच माणूस नंतर माझ्याकडे बघून हसला. किडा मनगटावर चढतो तेव्हा जे वाटतं, त्याच्या दसपट तेव्हा वाटलं. भावोजींनी मला बोलावणंच बंद केलं. कॅमेरा कापडाखाली गेला. यजमान आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मध्याला किडा कोण धरून देणार मग? आई?" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः आम्हां दोघांना बरोबर घेऊन भर गावातून खाजणापर्यंत फेरी मारली. त्यानंतर बोलणं थांबलं नाही, पण मी ऐकायचं थांबवलं.

वाघ-भुंगे सापडले ते त्या खाजणात, तिवरांच्या पलीकडं, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर. बोटाच्या पेराएवढे, लांब पायांचे, आणि इतके चपळ की उन्हात नुसती सावली पळाल्यासारखी वाटते. हसनमियाँनी ते पहाटेच्या गारव्यात फडक्याखाली धरले. या भुंग्यांच्या पाठीवर सायीच्या रंगाची नक्षी असते आणि तिच्यावरूनच जात ओळखतात, म्हणजे फोटोसाठी याहून चांगला किडा नाही. आमच्या भुंग्याच्या नक्षीतले दोन ठिपके एकमेकांना जोडलेले होते. डॉक्टरांच्या पुस्तकात तसं चित्र नव्हतं. त्यांनी कळवलं, "घाई नको, शोधतो." मुंबईच्या गृहस्थांना फोटो गेला, तर त्यांचं उत्तर आलं, की फोटो हा पुरावा नव्हे, तो काचेवरचा ओरखडाही असू शकेल, आणि मी स्वतः येतो.

ते आले. जाळी होती, दोन बाटल्या होत्या. मी किनाऱ्यावर बांधावर उभी होते. त्यांनी पहिला धरला, बाटलीत टाकला, दुसरा धरला, तिसरा... मग मोजायचं कारणच उरलं नाही. चिखलात मागंपुढं धावत ते घामाघूम होऊन हसत होते. हसनमियाँ म्हणाले, "सायेब, येक पुरा न्हाय व्हय?" ते म्हणाले, "इतर संग्रहवाल्यांशी अदलाबदलीला लागतात." भावोजींना त्यांना थांबवता येईना. पाहुणे होते, वयानं मोठे होते, आणि आमच्याच बोलावण्यावरून आले होते.

घरी आल्यावर त्यांनी बाटल्या ओटीवर ठेवल्या. आत एकावर एक थर बसला होता आणि वरच्या थरात अजून पाय हलत होते. झाकण काढून त्यांनी बोटानं ते ढवळलं, खालचे नीट दिसावेत म्हणून. मोडलेले पाय बोटाला चिकटले, ते त्यांनी विजारीला पुसले आणि पानावर येऊन बसले. मी हात धुवायला पाणी पुढं केलं, तर म्हणाले, "असू द्या, आम्हांला सवय आहे." कालवण ओरपलं, बोटं चाटली, आणखी भात मागितला. मी वाढत होते. वाढताना माझी मान आपोआप दुसरीकडं वळत होती. भावोजी पानावरून उठले ते परसातून आलेच नाहीत. लाँचची वेळ झाल्यावर गृहस्थ म्हणाले, "मधुकररावांची प्रकृती नाजूक दिसते."

पुढच्या वर्षी त्या चिखलावर एकही वाघ-भुंगा नव्हता. बांधावर त्याच साली नवी माती पडली होती; तेही कारण असेल. सगळा दोष एका माणसावर टाकायचा नाही म्हणून हे लिहिते. पण मला जे वाटायचं ते वाटतंच.

त्या वर्षीचा पावसाळा सरल्यावर तळ्याचे डॉक्टर आमच्याकडे आले. पत्र न पाठवता स्वतः आले, तेव्हाच मी समजले की काहीतरी आहे. मुंबईला गेले असताना ते गृहस्थांकडे डोकावले होते. आमच्या खाजणातले भुंगे बघू म्हणाले. गृहस्थांनी एक खोका काढला, झाकण उघडलं आणि वास आला. आत बुरशी होती, मुंग्या होत्या, पंखांचा आणि पायांचा चुरा होता. एकालाही टाचणी लागली नव्हती. "पावसात जरा दुर्लक्ष झालं," गृहस्थ म्हणाले, "त्यांना म्हणावं आणखी पाठवा."

भावोजींनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "नाव?"

डॉक्टर म्हणाले, "नाव लागलंय. पुण्याच्या एका मित्राकडे जुनं पुस्तक आहे, त्याच्याशी आपला फोटो ताडून पाहिला. नेहमीचाच आहे हो, सगळ्या किनाऱ्यावर सापडतो. काहींचे ठिपके जोडलेले असतात, इतकंच."

"फोटोवरून कळलं?"

"फोटोवरूनच. आणि मागं वहिनींचा रंग लिहिलेला होता."

एरवी नाव कळलं की मागं टेकणारे भावोजी तसेच ताठ बसून राहिले. मी चहा आणला तो निवून गेला. डॉक्टर गेल्यावर ते म्हणाले, "वहिनी, नाव कळूनही जात नाही हो ही." मी काय ते समजले. मलाही येत होती ती किळस, भुंग्यांची नव्हे. नंतर त्यांनी फोटो काढले, डॉक्टर गप्प बसू देत नव्हते म्हणून. पण मुंबईला पुन्हा एकही धाडला नाही. आणि हे सगळं त्या गृहस्थांच्या गावीही नव्हतं. शोकसभा संपल्यावर ते माझ्यापाशी आले, हात जोडले आणि विचारलं, "ते खाजण नेमकं कुठलं हो? एकदा पुन्हा जाऊन यावं म्हणतो, मधुकररावांची आठवण म्हणून." मी म्हटलं, "माझ्या लक्षात नाही." ते म्हणाले, "वय झालं."

मागच्या आठवड्यात हसनमियाँ दारात उभे. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. "भाभी, चला जरा," एवढंच म्हणाले. मी सुनेला सांगून निघाले. ते मला घेऊन गेले ती जागा जुनी नव्हे, दुसरीच. चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास मारत होता. आणि तिथं ते होते. एकानं कसलीशी माशी धरली होती आणि ती जिवंत असतानाच जबड्यानं चावून चावून तिचा लगदा करत होता. मी नाकाला पदर लावून पाहत राहिले. मला ते सुंदर वाटले असं मी म्हटलं, तर ते खोटं होईल, आणि भावोजी ऐकत असले तर उठून जातील. घाणेरडेच होते. भरती चढायला लागली तसे ते एकेक करत वर सरकले.

"मुंबईला कळवू?" हसनमियाँनी विचारलं.

"नको."

"तळ्याला?"

"तळ्याला कळवा. एसटीनं या म्हणावं, आणि रिकाम्या हातांनी या म्हणावं."

घरी येऊन मी मागची खोली उघडली. कॅमेऱ्यावरचं कापड काढून झटकलं. टेबल खिडकीपाशी ओढायचं तर उजेड कुठल्या वेळी कुठं पडतो ते पाहावं लागतं. भावोजी त्यासाठी जमिनीवर खडूनं खुणा करून ठेवायचे आणि सारवल्यावर पुन्हा करायचे. ते गेल्यापासून मी ती खोली सारवलेली नाही. खुणा तशाच होत्या. टेबलाचे पाय मी त्यांच्यावर नेऊन ठेवले.