समुद्राकडे निघालेली बांधलेली गाडी

आमच्या ह्यांनी अख्खी हयात टॅक्सी चालवली. मग डोळ्यांत धुकं उतरलं आणि डॉक्टरांनी परवाना परत करायला लावला. तेव्हापासून माणूस खिडकीशी बसून असायचा. खालून गाडी गेली की नुसत्या आवाजावरून गिअर ओळखायचा आणि उजवा पाय हळूच फरशीवर दाबायचा. मला मेलीला ते बघवायचं नाही.

लेक विद्यापीठात हायड्रोजनच्या गाडीवर संशोधन करते. त्या गाडीत हायड्रोजनपासून वीज करणारा सेल असतो, आणि जोडीला बॅटरी. सेलचा स्वभाव संथ. एकदम भार टाकला की तो लवकर झिजतो. म्हणून धक्के बॅटरीने सोसायचे. कोणत्या क्षणी कोणी किती भार उचलायचा, हे ठरवणारा प्रोग्राम लेकीने लिहिलाय.

"म्हणजे संसारच की गं!" मी म्हटलं. "यात बॅटरी कोण, ते तुझ्या बापाला विचार."

एक दिवस ती म्हणाली, "बाबा, चाचणीला ड्रायव्हर हवाय. गाडी जागची हलत नाही, डोळ्यांवाचून काही अडणार नाही." ह्यांनी लगेच ठेवणीतला शर्ट काढला. मीही गेले बरोबर, म्हटलं बघू तरी.

प्रयोगशाळेत गाडी पट्ट्यांनी बांधलेली, चाकं जमिनीतल्या रोलरवर. समोर कपाटाएवढा पंखा. चाकं फिरतात, वारा लागतो, गाडी मात्र तिथल्या तिथे. हे आत बसले, आणि काय सांगू, पाठ अशी ताठ झाली! लेक काचेपलीकडून स्पीकरवर सांगेल तसा वेग वाढवायचा, कमी करायचा. ह्यांनी गाडीच्या पोटातलं पाणीसुद्धा हलू दिलं नाही.

लेकीचा चेहरा मात्र पडला. "बाबा, तुम्ही धक्काच देत नाही. माझा प्रोग्राम असला काय नि नसला काय, आकडे सारखेच! रोलर आजच्यापुरतेच मिळालेत. सरांना काय दाखवू मी?"

ह्यांनी मुद्दाम वेडंवाकडं चालवून पाहिलं. पण पाय ऐकेना. शेवटी खाली उतरले. "इथेही माझा उपयोग नाही," म्हणाले. मी पदर खोचला.

"सरका! मी बसते."

जन्मात कधी गाडी चालवली नव्हती मी. लेक हसायला लागली, आणि एकदम हसायची थांबली. "आई, बसच तू."

हे शेजारच्या सीटवर बसले. माझा पहिलाच पाय असा पडला की पट्ट्या करकरल्या.

"अगं, जीव घेतेस का तिचा!"

"गप्प बसा नि रस्ता सांगा!"

आणि ह्यांनी खरंच डोळे मिटून रस्ता सांगायला घेतला. गावाबाहेरचा पूल. मग दुतर्फा झाडं. चढ आला, दाब. उतार आहे, सोड. मी दाबत होते, सोडत होते, केसांत वारा भरत होता. समोरच्या भिंतीवरच्या नळ्या दिसेनाशा झाल्या. देवाशपथ सांगते, मला झाडंच दिसायला लागली.

"आई, अशीच चालव!" लेक स्पीकरवरून ओरडली. "प्रोग्राम आत्ता सुरू केलाय. सेल एकदम शांत आहे, सगळे धक्के बॅटरी झेलतेय!"

ह्यांचं लक्षच नव्हतं. "आता डावीकडे," ते म्हणाले. "खारा वास आला का?"

लग्न झालं तेव्हा समुद्र दाखवतो म्हणाले होते. परक्या लोकांना कितीदा नेऊन सोडलं तिथे. मला न्यायला कधी सवड झाली नाही. त्यावरून जन्मभर घालूनपाडून बोललेय मी ह्यांना.

चाकं थांबली. लेक नाचतच आत आली. "मिळाला! बाबा, आई, आकड्यांत फरक मिळाला!" आणि पंख्याच्या बटणाकडे वळली. ह्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"पोचलो का गं?" त्यांनी विचारलं.

मी लेकीला हातानेच नको म्हणून खुणावलं. तिने हात मागे घेतला.

"पोचलो," मी म्हटलं. "बसू जरा. वारा छान सुटलाय."