मंगळवारी मेलेली सतरा माणसं

नाचणगावात कोण जन्मलं आणि कोण मेलं, हे एकतीस वर्षं सरकारला डोमाजींनी कळवलं. ते गावचे कोतवाल. दर पंधरवड्याला जन्ममृत्यूची वही बगलेत मारून ठाण्यात जायचं, तिथल्या मुन्शीकडून ती मोठ्या रजिस्टरात उतरवून घ्यायची, आणि परत यायचं. वहीत लिहायचे शाळेचे मास्तर, कारण डोमाजींना अक्षरओळख नव्हती. ती झाली वयाच्या तिसाव्या वर्षी, मिशनच्या एका डॉक्टरीणबाईच्या ओसरीवर, शुभवर्तमानाच्या छापील ओळींवर बोट फिरवत. पुढं तीन वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भावांनी बोलणं टाकलं, वस्तीनं दोन वर्षं लग्नाकार्याला बोलावलं नाही. डोमाजी रोज त्याच रस्त्यानं, त्याच चालीनं जात राहिले. शेवटी लोकच कंटाळले.

१९५५च्या जानेवारीत ते चौसष्ट वर्षांचे होते. कमरेचा पट्टा सुटून नऊ वर्षं झाली होती, तरी लोक कोतवालच म्हणत. बायको वारलेली. घरात मुलगी कांता, वय सव्वीस, पुलगावच्या एका प्राथमिक शाळेत मास्तरीण. दर रविवारी उपासनेनंतर प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत ती मुलांचा वर्ग घेई. त्या खोलीची किल्ली डोमाजींच्या घरी दाराजवळच्या खिळ्याला असायची.

त्या थंडीत पुलगावच्या वाचनालयात लक्ष्मणरावांची चार व्याख्यानं ठरली. लक्ष्मणराव हायस्कूलात इतिहास शिकवत, मूळचे नाचणगावचेच. माणूस सरळ होता. पहिल्या शनिवारी त्यांनी हिंदूंच्या अवतारकथांची सालटी काढली आणि घरी आईचा अबोला सोसला. दुसऱ्या शनिवारी विषय होता, येशू नावाचा माणूस झाला होता काय. त्यांचं उत्तर होतं, नाही. त्याच्या हयातीतला एक कागद दाखवा, ते म्हणाले. बायबलातली त्याची चारही चरित्रं मागाहून लिहिलेली, कुठं तीस-चाळीस वर्षांनी, कुठं त्याहून उशिरा, आणि चौघांचा एकमेकांशी मेळ नाही. मरून उठणाऱ्या देवांच्या जुन्या कथांना ठिगळं लावून हा माणूस शिवलेला आहे. कुणाला उत्तर द्यायचं असेल तर पुढच्या शनिवारी दहा मिनिटं देईन, असंही त्यांनी जाहीर केलं.

कांता त्या व्याख्यानाला गेली होती. घरी येऊन तिनं बापाच्या ताटात भाकर वाढली आणि म्हणाली,

“बाबा, उद्यापासून मी पोरांचा वर्ग नाई घेत.”

“काऊन?”

“ज्याची मले खात्री नाई, ते दुसऱ्याच्या पोरांले कायले शिकवू? लक्ष्मणराव चुकले असतील तं दाखवून द्या. बरोबर असतील तं तेही सांगा. नुसतं विश्वास ठेव म्हणू नोका.”

डोमाजींनी जेवण पुरं केलं. मुलीचा राग त्यांना आला नाही. आपल्या घरात असाच माणूस निपजणार, हे त्यांना ठाऊक होतं. पण ती जे म्हणते ते करते, हेही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मुलं आली, बंद दार पाहून अंगणात गोट्या खेळली आणि घरी गेली.

ख्रिस्ती मंडळीचे प्रचारक प्रेमदास सोमवारी घरी आले. डोमाजी उत्तर द्यायला उभे राहणार, ही बातमी त्यांना लागली होती. त्या दिवसांत सरकारची मिशनांच्या कामाबद्दल चौकशी चालू होती आणि जाहीर वादात कुणी पडू नये असं वरून पत्र आलं होतं. ते पत्र त्यांनी वाचून दाखवलं, आणि वर म्हणाले, आपल्याला पुरावा हवा कशाला, आपला विश्वास आहे ना.

“प्रेमदासभाऊ,” डोमाजी म्हणाले, “मी एकतीस वर्षं ठाण्यात उभा राहून हा जन्मला, तो मेला, असं सांगतलं. मुन्शीनं कायवरून म्हून इचारलं अन् मी विश्वास हाये म्हटलं असतं, तं माहा पट्टा त्यानं तवाच काढून घेतला असता.”

“मंग तुमाले मंडळीच्या कमिटीवरून काढतील.”

“काढू द्या. घरात जे इचारलं गेलं, त्याचं उत्तर कमिटी देणार नाई.”

मग बापलेक तयारीला लागले. डॉक्टरीणबाईंच्या कपाटात याच वादावरचे दोन जाड इंग्रजी ग्रंथ होते, ख्रिस्ती विद्वानांनीच लिहिलेले. कांता शाळेतून आली की अंगणात बसून मराठी करून सांगे. डोमाजी ऐकत, मध्येच हात वर करत, आणि ठाण्यात विचारावेत तसे प्रश्न विचारत. कुणी सांगितलं? तो तिथं होता का? सांगण्यात त्याचा काय फायदा?

तिसऱ्या दिवशी एक अडचण निघाली. पहिल्या शतकातल्या एका यहुदी इतिहासकाराच्या ग्रंथात येशूची स्तुती करणारा एक उतारा आहे. मंडळीतल्या एका पत्रकात तो मोठ्या अक्षरांत छापला होता. पण हेच ख्रिस्ती विद्वान लिहीत होते की त्यात मागाहून कुण्या ख्रिस्ती नकलकाराचा हात फिरला आहे, स्तुती तेवढी त्याची. त्याच इतिहासकारानं दुसरीकडे याकोब नावाच्या माणसाचा खून नोंदवताना ‘ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ’ एवढंच जाता जाता म्हटलंय, ते मात्र बहुतेक जण खरं मानतात.

“हे नकलकाराचं सांगाचं का?” कांतानं विचारलं.

“सर्वांत आधी. फुटका साक्षीदार समोरच्यानं पकडाच्या आधी आपणच बाहेर बसवावा.”

शनिवारी मिलचा पाचचा भोंगा झाल्यावर वाचनालय भरलं. प्रेमदास आले नाहीत. कांता बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसली. डोमाजी धुवट धोतर नेसून, डोक्याला पांढरा पटका बांधून पुढं गेले, तेव्हा लक्ष्मणरावांनी त्यांना स्वतःची खुर्ची दिली, आणि हसत एक चिमटाही काढला.

“कोतवालबुवा, दवंडी पिटून इतिहास सिद्ध होत नाही, बरं का.”

लोक हसले. डोमाजी खुर्चीवर बसले नाहीत.

“दवंडी कोन पिटून राह्यलं, मास्तर? मी साक्ष द्यायले आलो.”

आधी त्यांनी फुटका साक्षीदार बाहेर काढला. नकलकाराचं सगळं सांगितलं, आणि आमच्या पत्रकात ते छापायला नको होतं हेही. मग उरलेले साक्षीदार उभे केले. याकोबाबद्दलची ती एक ओळ. रोमचा एक इतिहासकार, ज्याला ख्रिस्ती लोकांचा मनस्वी तिटकारा होता, तरी रोमी सुभेदार पिलाताच्या हुकमानं ख्रिस्ताला देहदंड झाल्याचं तो लिहून गेला. चरित्रांच्या आधीची, येशूच्या मरणानंतर वीस-पंचवीस वर्षांतली, प्रचारक पौलाची पत्रं. हा पौल येशूच्या भावाला समक्ष भेटलेला. आणि सगळ्यांत वजनदार साक्ष दुष्मनांची. यहुदी विरोधकांनी येशूला जादूगार म्हटलं, लोकांना फितवणारा म्हटलं. असा माणूस नव्हताच, असं त्यांच्यातला कुणी म्हणाला नाही. गावात एखादं मूल कुणाचं हे ठरवायचं, तर कोतवाल त्या घराच्या भाऊबंदांकडे जातो, डोमाजी म्हणाले. वाटणीत ज्यांना नुकसान, तेच जर नाकारत नसतील, तर मूल त्या घरचं.

लक्ष्मणराव आता हसत नव्हते, टिपून घेत होते. मान वर न करता म्हणाले, “हे सगळं मागाहूनचं. हयातीतला कागद कुठाय?”

“मास्तर, तुमचे वडील नत्थूजी कवा वारले?”

“अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत. मी पाच वर्षांचा होतो.”

“तिथी?”

“मी पाळत नाही. आई करते. आश्विन वद्य चतुर्थी.”

“म्हंजे तेवीस ऑक्टोबर, बुधवार. ठाण्याच्या रजिस्टरात नत्थूजी एकोणतीस तारखेले मेले, मंगळवारी. सरकारी कागद हाये, त्याच आठवड्यातला. कोणतं खरं?”

लक्ष्मणरावांनी पेन्सिल खाली ठेवली. “आईचं. रजिस्टर चुकीचं आहे.”

“चुकीचंच हाये. म्या चुकवलं.”

ही गोष्ट डोमाजींनी सदतीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती, कांतालाही नाही. ती त्यांनी तिथं, साठ-सत्तर माणसांसमोर, आवाज न चढवता सांगितली. मानमोडीत शाळामास्तर स्वतःच अंथरुणावर, वही लिहायला कुणी नाही. घरोघर माणसं मरत होती. डोमाजींनी सुतळीला गाठी मारल्या, माणसाची मोठी, बाईची लहान, लेकराचा नुसता फासा. तीन आठवड्यांनी ठाण्यात उभे राहून सुतळी चाचपत सतरा नावं सांगितली. मुन्शीनं तारखा विचारल्या. अंगात ताप होता, तारखा एकमेकींत मिसळत होत्या, आणि चूक निघाली तर नोकरी जाणार होती. ते म्हणाले, मंगळवार. त्या दिवशी मंगळवार होता. मुन्शीनं सतराही जणांपुढं मंगळवार लिहिला. त्या सतरांत डोमाजींची आई होती.

“म्हणजे लिहिणारे चुकीचं लिहितात,” लक्ष्मणराव सावकाश म्हणाले, “हे तुम्हीच कबूल करताय.”

“करतो नं. तारीख चुकली. नत्थूजी होते अन् मेले, ते नाई चुकलं. उद्या कोनी तुमच्या मायची तिथी अन् माही तारीख शेजारी ठेवून म्हणन, की दोन्ही जुळत नाईत, म्हून नत्थूजी नावाचा माणूसच नोता, तं तुमी त्याले काय म्हणसान?”

“येडा म्हणतीन,” मागून कुणीतरी बोललं, आणि या वेळी हसू लक्ष्मणरावांच्या बाजूनं नव्हतं.

डोमाजींचं अजून संपलं नव्हतं. नत्थूजी गेल्याची खबर त्यांना सखूबाईंनी, लक्ष्मणरावांच्या आईनं, दारात उभं राहून दिली होती. रजिस्टरात मात्र खबर देणारा म्हणून शेजारच्या पुरुषाचं नाव लागलं, कारण बाईच्या साक्षीला ठाण्यात किंमत नव्हती. येशूच्या मुलखातही नव्हती. तरी चारही चरित्रांत रिकामी कबर आधी पाहिली ती बायकांनी, आणि तसंच लिहिलंय.

“बनवून लिहिणाऱ्यानं तिथं माणसाचं नाव घातलं असतं,” ते म्हणाले. “म्या तं घातलंच.”

दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. लक्ष्मणरावांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. शेवटी उठून म्हणाले की असा माणूस होऊन गेला असावा, इतकं मानायला मी तयार आहे. पण तो मेल्यावर उठला, हे नाही.

“ते मी रजिस्टरावरून सांगतच नाई. त्याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा. तुमी म्हटलं, तो झालाच नाई. तेवढंच खोडाले आलतो.”

पटका नीट करून ते खाली उतरले.

पुढच्या आठवड्यात कमिटीवरून नाव कमी केल्याचं पत्र आलं. प्रेमदासांनी ते उपासनेनंतर वाचलं. डोमाजी पहिल्या रांगेत बसले होते; त्याच्या पुढच्या रविवारीही तिथंच बसले. मधल्या मंगळवारी ते ठाण्यात गेले आणि अठरा सालच्या रजिस्टरात दुरुस्ती करा म्हणाले. नवा मुन्शी पोरसवदा होता. इतक्या जुन्या नोंदीला आता कुणाला हात लावता येत नाही, त्यानं सांगितलं, आणि बुवा, आपला गुन्हा आपल्याच तोंडानं कशाला सांगता. डोमाजींनी अर्ज पुढं सरकवला. त्यानं घेतला नाही. अर्ज टेबलावर ठेवून ते निघून आले.

ते ऐकून कांतानं शाळेची एक कोरी वही काढली.

“मले अजून सगळं पटलं नाई,” ती म्हणाली. “कबरेचं तं नाईच. पण तुमाले ती गोष्ट तिथं सांगाची काई गरज नोती. सांगतली नसती तरी मास्तर हरलेच असते.”

“हरवाले गेलो नोतो. तुले उत्तर द्यायले गेलतो.”

“तेच म्हणून राह्यली मी. आता ते सतरा जण सांगा. खऱ्या तारखांनिशी.”

डोमाजींनी बारा सांगितल्या. दोन तारखांसाठी कांता सखूबाईंकडे जाऊन आली. तीन कुणालाच आठवेनात. तिथं तिनं ‘तारीख माहीत नाही’ असं लिहिलं. आजीच्या तारखेवरून सखूबाईंचं आणि डोमाजींचं एका दिवसाचं भांडण होतं. सखूबाई म्हणत शुक्रवार, डोमाजी शनिवार, आणि दोघांतलं कुणी मागं सरेना.

कांतानं दोन्ही वार लिहिले, कोण कोणता म्हणतं त्या नावांसकट. खाली आपली सही केली, आणि सहीखाली तारीख घातली, घटनेनंतर सदतीस वर्षांची. रविवारी उपासना सुटल्यावर मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि कांता मुलांना सांगत होती की येशूच्या सगळ्यात जवळच्या शिष्यानं ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणून त्याला तीनदा नाकारलं, आणि ही लाजिरवाणी गोष्ट आपल्याला त्याच्याच माणसांकडून कळते.