सरांचं वाक्य आणि अण्णांचं सूत

"गुणांनी चांगली आहे हो, पण तोंडात मिठाची गुळणी धरून बसते. मला नको. तुम्ही घ्या."

सर हे मराठीत म्हणाले, तेव्हा मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर कॉफीचा ग्लास घेऊन उभी होते. संस्थेच्या फाटकाबाहेरच्या गाड्यावर सर आणि मॅडम रोज अकराला यायचे आणि 'बाय टू' सांगायचे. म्हणजे एक कॉफी, दोन ग्लासांत. सर पुण्याचे, मॅडम नागपूरच्या. इमारतीत बाकी कुणाला कळत नाही अशी दोघांची खात्री होती, म्हणून जे इंग्रजीत बोलता येत नसे ते तिथे मराठीत बोललं जाई.

"माझ्याकडे आधीच पाच जण आहेत," मॅडम म्हणाल्या. "आणि तिचा विषय रेशमाच्या आयातीचा. आयात म्हणजे तुमचंच शेत."

"शेत माझं, पण बुजगावणं कशाला उभं करू त्यात?"

मॅडम हसल्या. मग माझ्याकडे पाहून इंग्रजीत म्हणाल्या, "कॉफी गोड आहे ना आज?" मी मान हलवली.

मी मराठी आहे हे त्यांना कळण्याचं काही कारण नव्हतं. आमचं घराणं चार पिढ्या बंगळुरात. इकडच्या रिवाजाप्रमाणे हजेरीपटावर माझ्या नावापुढे वडिलांचं फक्त आद्याक्षर, आडनाव नाहीच. रंग, वेणी, इंग्रजीचे उच्चार, सगळं इथलंच. पहिल्या दिवशी ओळख करून देताना मी "बंगळूर" एवढंच सांगून खाली बसले होते. त्यानंतर दीड वर्ष मी ते लपवलं असं नाही, पण सांगितलंही नाही. एका लग्नात पुण्याहून आलेल्या मावसबहिणीने माझं 'सरी' आणि 'स्वल्प' ऐकून सगळ्या पंगतीला हसवलं होतं. 'सरी' म्हणजे बरं, 'स्वल्प' म्हणजे जरा. आमच्या घरात हे शब्द कानडी आहेत हेच मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तेव्हापासून पुण्याच्या माणसासमोर मराठी बोलायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं. आणि इंग्रजीत बोलायला मी मुळातच घाबरत असे. तेव्हा गुळणीचं सरांचं निदान काही चुकीचं नव्हतं.

आमचा अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थव्यवस्था आणि विकास या विषयाचा. नाव घरी सांगताना दम लागायचा. पहिल्या मजल्यावर एक हिरवा फळा होता. त्यावर प्रत्येक प्राध्यापकाचं नाव आणि पुढे ते कशातले तज्ज्ञ, ते पांढऱ्या अक्षरांत रंगवलेलं: आंतरराष्ट्रीय व्यापार, जागतिक वित्तसंस्था, श्रम आणि लघुउद्योग. दुसऱ्या वर्षी आपला विषय त्यातल्या एका ओळीशी जुळवून एक पान टंकलिखित करून द्यायचं. मग एका शुक्रवारी सगळे प्राध्यापक लांब टेबलाभोवती बसत, एकेकाला आत बोलावत आणि कुणाला कोण घेणार ते तिथेच ठरवत. ज्याला कुणीच घेत नसे त्याला 'वाचन-आढावा' मिळे. बाहेर कुठे जायचं नाही. ग्रंथालयात बसून इतरांनी काय लिहिलंय त्याचा सारांश करायचा. त्यानेही पदवी मिळतच असे. पण मला तो नको होता.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पेठेत रेशमी सुताचं दुकान होतं. खेड्यांत कोशांपासून सूत काढणारे लोक लड्या घेऊन येत आणि माग चालवणारे त्या घेऊन जात. लहानपणापासून मी दोघांना एकाच पायरीवर बसून पान खाताना पाहिलेलं. त्या वर्ष-दोन वर्षांत चीनचं सूत बाजारात आलं आणि पायरीवर भांडणं सुरू झाली. सूत काढणारे म्हणत, हे बंद करा, आम्ही मेलो. मागवाले म्हणत, बंद केलं तर आम्ही मेलो. मग ते एका वेळी येईनासे झाले. एकाच वस्तूने दोघं कसे मरतात, हे मला त्यांच्यात जाऊन, विचारून समजून घ्यायचं होतं. ते ग्रंथालयात कळणार नव्हतं.

माझं पान मी सोमवारीच देऊन टाकलं होतं. कॉफीच्या गाड्यावरचं ते बोलणं मंगळवारचं. त्या दिवशी दुपारचा तास बुडवून मी बसने बंगळुरातल्याच शिवाजीनगरला आले आणि तिथून बस बदलून थेट दुकानात गेले. अण्णा गादीवर बसून लड्या निवडत होते.

"का गं, कॉलेज सुटलं?"

"डोकं दुखतंय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि गादीवर जागा करून दिली. थोड्या वेळाने म्हणाले, "शुक्रवारी तुझी ती मास्तरांची बैठक ना? काय लिहून दिलंस?"

पानाची प्रत माझ्या पिशवीत होती. अण्णांना इंग्रजी अक्षरं येत, पण इंग्रजी वाचता येत नसे. मी एकेक ओळ आपल्या बोलीत करून सांगू लागले. तिसऱ्या ओळीशी आले तेव्हा सांगितलं, "बाहेरून आलेलं एक किलो सूत आपल्या एक किलो सुताची जागा घेतं."

अण्णांचा हात थांबला. "कुणी सांगितलं?"

"सरांनी. वर्गात."

"आणि तू लिहिलंस?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. माझी मात्र कानशिलं तापली. ते वाक्य वर्गात इंग्रजीत ऐकताना इतकं गुळगुळीत वाटलं होतं की मी ते जसंच्या तसं उचललं होतं. ज्याची ओळ फळ्यावर रंगवलेली आहे त्याचं वाक्य चुकेल असं मनात आलंच नाही. आणि तेच मी आमच्या दुकानात, आमच्या भाषेत म्हटलं, तर माझ्याच कानाला खोटं लागलं.

अण्णांनी दोन लड्या माझ्या मांडीवर टाकल्या. "बघ. ही चीनची. सारखी, गुळगुळीत, ओढली तरी तुटत नाही. ताण्याला हीच लागते. मागावर उभे धागे असतात ना, तो ताणा. आपलं सूत ताण्याला लावलं की घडीघडी तुटतं, माग थांबतो." मग दुसरी लडी बोटांनी फुगवली. "ही आपली. ओबडधोबड आहे, पण भरते छान. आडव्या धाग्याला, बाण्याला, हीच. बाण्यालापण चीनची घातलीस तर लुगडं अंगावर ठरत नाही, घसरतं. दोन्ही मिळून एक लुगडं."

"मग सूत काढणारे का ओरडतात?"

"त्यातले जे ताण्यालायक काढायचे, ते ओरडतात. त्यांचं गेलंच. बाण्यावाल्यांना उलट मागणी वाढलीय, ताणा तुटत नाही म्हणून माग जास्त चालतात ना. पण ओरडताना सगळे एकत्र ओरडतात." ते पुन्हा लड्या निवडू लागले. "तुझ्या मास्तरांना दोष नको देऊ. त्यांना कागदावर नुसतं 'रेशीम' दिसत असेल. त्यांनी हातात कधी घेतलंय?"

हातात मी घेतलं होतं. शाळेतून आल्यावर त्याच गादीवर बसून मी ताण्याच्या आणि बाण्याच्या लड्या वेगळ्या केल्या होत्या, डोळे मिटूनसुद्धा. सरांनी चूक केली असेल, पण ती न कळता. माझी चूक निराळी होती. मला कळत असून मी ते माहितीत धरलं नव्हतं. दुकानातलं ते दुकानातलं आणि अभ्यास तो अभ्यास, अशी माझ्या डोक्यात भिंत होती, आणि ती कुणी घातली ते मला आजही नेमकं सांगता येत नाही.

पान बदलून देता येईल का, असं मी बुधवारी कार्यालयात विचारलं. प्रती वाटून झाल्या होत्या. कारकून म्हणाला, "काही असेल तर आत गेल्यावर तोंडी सांगा." त्याला ते किती सोपं वाटत होतं.

शुक्रवारी मला पाचव्या नंबरला बोलावलं. टेबलाच्या एका टोकाला खुर्ची. पिशवीत अण्णांनी दिलेला वीतभर रेशमी तुकडा होता. कडेचे धागे मोकळे सोडलेले. तो मी बाहेर काढला आणि ओढणीखाली मुठीत धरून ठेवला. सरांनी माझं पान उचललं, चष्मा वर करून वाचलं. तिसऱ्या ओळीखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढली.

"मुद्दा स्पष्ट मांडलाय," ते इंग्रजीत म्हणाले. "तुम्हाला यात आणखी काही सांगायचंय?"

मी तोंड उघडलं. इंग्रजी वाक्याचा पहिला शब्द आला, पुढचा आला नाही. संस्थेचे संचालक खिडकीबाहेर पाहू लागले. कुणीतरी चहाची बशी सरकवली.

सर मॅडमच्या बाजूला झुकले आणि हळूच मराठीत म्हणाले, "माझंच वाक्य मला परत दिलंय हिने. प्रत्यक्ष कामाला जाऊन ही कुणाशी बोलणार? वाचन-आढावा देऊ या, तिचीही सुटका होईल."

मॅडमनी मान डोलावली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. त्यांच्यापुढच्या यादीत माझ्या नावासमोरची जागा कोरी होती.

त्या टोपणाचा बारीक आवाज मला अजून आठवतो. मुठीतला तुकडा घामाने ओला झाला होता. मी तो टेबलावर ठेवला, सरांच्या पेन्सिलीपाशी. इंग्रजी वाक्य जुळवण्याचा नाद मी सोडून दिला. आणि घरी जशी बोलते तशी, दीड वर्षात पहिल्यांदा त्या इमारतीत, मी म्हणाले:

"सर, ते वाक्य चूक आहे. तुमचं होतं, मी न तपासता घेतलं. ह्यात ताणा चीनचा आहे, बाणा आमचा, दोन्ही एकाच कापडात. कोण मरतंय आणि कोण जगतंय ते मागावर जाऊन विचारायला पाहिजे, आणि मला विचारता येतं. स्वल्प वेळ द्या, धागे काढून दाखवते."