लिमरिकमधलं चूलबंद

आमच्या दिपमालानं तीस वर्षांच्या आयुष्यात केळं कधी विकत घेतलं नव्हतं. माहेर बोदवडकडचं, घरचीच केळीची बाग. आयर्लंडमधल्या लिमरिकला तिला नर्सची नोकरी लागली आणि पहिल्याच आठवड्यात दुकानात केळ्यांचे पैसे देताना तिला रडू फुटलं. मी फोनवर म्हटलं, "रडतेस काय? तिथं केळी उगवत नाहीत, एवढंच. पुढचं बोल."

दिपमाला माझ्या धाकट्या भावाची, प्रेमराजची सून. तो अमळनेरजवळच्या खेड्यात कापूस पिकवतो, मी धुळ्याला देवपुरात राहते. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. केलं त्याला पन्नास वर्षं होऊन गेली, पण घरात पैशाचा विषय निघाला की फोन मलाच येतो.

युरो साधारण शंभर रुपयांचा धरा. म्हणजे तिथल्या किमतीला नुसती दोन शून्यं लावायची. एक वांगं एकशेवीस रुपयांना. पुरुषाची कटिंग पंधराशे. गावातल्या गावात बसला दोनशे. इथं मी एसटीच्या अर्ध्या तिकिटात अमळनेरला जाऊन, भावाकडे जेवून परत येते. ही शून्यं लावत बसल्यामुळे दिपमाला पहिले दोन महिने अर्धपोटी राहिली. बटाटा स्वस्त, म्हणून डब्यात रोज बटाटा. मी चांगलं झापलं. "पगार युरोत घेतेस ना? मग जेवसुद्धा युरोत! आजारी पडलीस तर कोण बघणार तुला?" तिला एकदा सांगितलं की पुरतं. त्यानंतर ती नीट जेवू लागली.

प्रेमराजचं उलटं. तो शून्यं फक्त पगाराला लावायचा.

"अक्का, महिन्याला तीन लाख! जातात कुठं?"

"भाडं, वीज, बस, जेवण. पंधराशे देऊन कटिंग करशील का तू?"

"मी केस वाढवीन."

मी फोन ठेवला.

खरा घोर वेगळाच होता. दिपमालाची लहान पोरगी आणि नवरा योगेंद्र इकडेच होते. त्यांना तिकडे न्यायचे कागद झाले होते, पण घर मिळेना. ती आणखी दोघी नर्सेससोबत एका घरात राहायची, तिथं कुटुंब कसं मावणार? एखादं घर पाहायला जावं तर तिच्याआधी रांग लागलेली. प्रेमराजनं स्वच्छ सांगून टाकलं, "जूनपर्यंत घर झालं नाही तर पोरीला इथल्या शाळेत घालतो. मग तिला मी हलवणार नाही." तो बोलतो तसं करतो, हे दिपमालाला माहीत होतं.

मार्चमध्ये पोरीचा पाचवा वाढदिवस आला, आणि या बाईनं घरासाठी साठवलेल्या पैशांतून दोनशे युरो काढून गल्लीला वरण-बट्टी घातली. तेही चूलबंद! आमच्याकडे चूलबंद आमंत्रण म्हणजे घरातलं कुणी मागे ठेवायचं नाही आणि त्या दिवशी चूल पेटवायची नाही. त्या गोऱ्या शेजाऱ्यांच्या दारोदार जाऊन हिनं सांगितलं, "रविवारी घरी काही शिजवू नका." त्यांना आधी वाटलं, गॅसची लाइन बंद राहणार आहे.

मला हे कळलं ते रविवारीच, बट्ट्यांचं पीठ भिजवताना तिनं फोन लावला तेव्हा. मी भडकले. "वीस हजार रुपये! घर कशानं घेणार, बट्ट्यांनी?"

"अक्का, माझ्या पोरीचा वाढदिवस आहे," ती म्हणाली. "आणि पाणी किती घालू ते सांगा, ओरडा नंतर."

मी पाणी सांगितलं. दुसरं काय करणार?

त्या दिवशी मी अमळनेरलाच होते. प्रेमराज शेजारी बसून फोनमध्ये बघत होता. आता हा मारुतीच्या शेपटासारखं भाषण लांबवणार, म्हणून मी तयारीत होते. पडद्यावर मागचं अंगण दिसत होतं. चमचे बाजूला ठेवून माणसं हातानं बट्टी चुरत होती. शेजारची नोरा नावाची म्हातारी तर तूप वाढायला उभी राहिली होती. सगळ्यांनी मिळून पोरीला हाक मारली. ती आजोबांच्या मांडीवरून उडी मारून फोनला चिकटली.

प्रेमराज आनंदला की अहिराणीवर येतो. "बठ्ठा ऊनात का वं?" त्यानं सुनेला विचारलं.

"सगळे आले, नाना. एकही घर राहिलं नाही."

तो ताठ बसला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या खेड्याला कळलं होतं की प्रेमराजच्या सुनेनं परदेशात चूलबंद दिलं. कटिंगचे पंधराशे त्याला खुपत होते, जेवणावळीचे वीस हजार नाही. खर्चाच्या बाबतीत माझं अर्थशास्त्र आणि त्याचं निराळं, हे मला त्या दिवशी कळलं.

जेवताना नोरानं विचारलं होतं, "ज्या मुलीचा वाढदिवस, ती इथं का नाही?" दिपमालानं सांगितलं, घर नाही. पंधरा दिवसांनी नोराच्या भावाचं दुसऱ्या गल्लीतलं दोन खोल्यांचं घर रिकामं होणार होतं. त्यानं जाहिरात न देता दिपमालाला बोलावलं. यात चमत्कार नाही. देवपुरातही चांगली घरं तोंडओळखीनंच जातात. भाडं मात्र त्यानं एका पैशानंही कमी केलं नाही. अनामत आणि पहिला महिना मिळून आठशे युरो कमी पडत होते.

दिपमालानं सासऱ्याकडे मागितले. सरळ, न लाजता.

दुसऱ्या दिवशी प्रेमराजचा बँकेतून फोन. "अक्का, ऐंशी हजार भरले, तिकडं आठशेच पोचतील म्हणे! अकरा क्विंटल कापूस गेला माझा!"

"इथून जाताना शून्यं पुसली जातात, प्रेमराज. ती तिथं काय खर्च करते ते आता कळलं?"

पैशाचं सोडून तो एकदम अहिराणीवर आला.

"अक्का," तो म्हणाला, "त्या नवी गल्लीमा चूलबंदले कितला घरं शेतस?"