पिचरच्या उजव्या कोपराबाबत

पोळ्यानंतरचा सोमवार, दुपार: माझ्या धाकट्या लेकीच्या उजव्या कोपरावर ॲल्युमिनियमच्या बॅटचे दोन घाव. जबाबदार: संघाचा प्रशिक्षक, आणि हाताची घडी घालून पाहत राहिलेला व्यवस्थापक. त्यानंतरचा बुधवार: जिल्हा बेसबॉल मंडळाच्या नोंदवहीत ‘बसमधून उतरताना पडून इजा’. जबाबदार: मंडळाचे सचिव. त्याच्या वर्षभर आधी, जूनमधला एक दिवस: हमीपत्र. जबाबदार: मी.

लेक बेसबॉलची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी. आखाडा बाळापूरला आमच्या गोठ्याच्या भिंतीवर तिने चुन्याची चौकट आखली होती. रोज सकाळी तीत चेंडू आदळत. पुढेपुढे म्हैसही दचकेनाशी झाली. मोबाइलवर ती तैवानच्या एका व्यावसायिक पिचरचे सामने पाही. कोपराची शस्त्रक्रिया होऊनही तो पुन्हा उभा राहिला, हे ती मला अभिमानाने सांगे, जणू आमच्याच भावकीतला. ती दोनदा राज्य संघात गेली. राष्ट्रीय शिबिराचे पत्र आले, त्याच आठवड्यात, त्या सोमवारी, हिंगोलीला स्पर्धेचा अंतिम सामना होता.

समोरच्या संघातल्या एका मुलीने दोन चेंडू कुंपणापार धाडले होते. मी संघाच्या बाकामागे बसलो होतो, म्हणून शब्द न् शब्द ऐकला.

“पुढचा तिच्या कानावर टाक,” प्रशिक्षक म्हणाला.

“सर, तिचं हेल्मेट तडकलेलं हाय. डोकं फुटंल.”

“फुटू दे. तू काय तिची मावशी लागतीस?”

लेकीने चेंडू सरळ टाकला. तोही कुंपणापार गेला. आम्ही हरलो.

सामन्यानंतर बसच्या मागे प्रशिक्षकाने तिचा हात सामानाच्या पेटीवर दाबून धरला. “जो हात माझं ऐकत न्हाई, तो ठेवून काय करायचा?” पहिल्या घावाचा आवाज ओली फांदी मोडल्यासारखा आला. दुसऱ्याला आवाज नव्हता. मोडायचे ते मोडून झाले होते. मी बसला वळसा घालून धावत पोहोचलो तेव्हा बाहीतून हाड दिसत होते. मी त्याच्या तोंडावर मूठ मारली. त्याचा एक दात पडला. हे मी नाकारत नाही; पोलीस ठाण्यात स्वतःहून लिहून दिले आहे. त्याची तक्रार लगेच घेतली गेली. माझी तक्रार घेण्याऐवजी माझ्यापुढे माझेच हमीपत्र ठेवण्यात आले.

मी छत्तीस वर्षे कचेरीसमोर दस्त लिहिले. मंडळाच्या छापील हमीपत्रात एकच ओळ होती: खेळताना इजा झाल्यास मंडळ जबाबदार नाही. इतकी ढिली भाषा मला सोसवेना. मी ती खोडली आणि लिहिले: ‘मैदानावर अथवा मैदानाबाहेर, कोणाच्याही कृतीने, कोणत्याही स्वरूपाची इजा झाल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही.’ व्यवस्थापक खूश झाला. “काका, असं बराबर लिहिणारा जिल्ह्यात न्हाई!” मीही फुगलो. आता तोच मसुदा मंडळाने छापून घेतला आहे, आणि प्रत्येक मुलीचा बाप त्याखाली सही करतो.

परवा लेक डाव्या हाताने पाण्याचा तांब्या उचलत होती. तो सांडला.

“आबा, काहून अर्ज लिहून राहिले तुमी? त्या तैवानवाल्याची नस तुटली व्हती. माझं तर हाडच चुरलं.”

मी अर्जाची पुढची ओळ लिहिली. शिबिराची तारीख उलटून गेली होती.

परंतु गुन्ह्याला आगाऊ संमती देता येत नाही; बापाला नाही, दस्त लिहिणाऱ्यालाही नाही. माझा मसुदा मी याद्वारे जाहीरपणे रद्द ठरवतो, आणि ज्यांनी त्याखाली सही केली त्या प्रत्येक पालकाची माफी मागतो.

येत्या निवड चाचणीला तोच प्रशिक्षक तीच शिट्टी गळ्यात घालून उभा राहणार आहे. माझी मागणी एवढीच: चाचणी सुरू होण्यापूर्वी, जमलेल्या मुली आणि त्यांच्या आईबापांसमोर त्याने सांगावे, एका पोरीने दुसरीचे डोके फोडायला नकार दिला, तेव्हा त्याने बॅट कोणत्या अधिकाराने उचलली? उत्तर लेखी नको. तोंडी द्यावे, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असे द्यावे.